पडायचा तास

पोलादपुरात त्या काळी सगळ्यात उंच माणूस कोण, तर हायस्कुलातले चित्रकलेचे मास्तर. एसटीत शिरताना ते मान वाकवायचे ती उतरेपर्यंत सरळ करायचे नाहीत. त्यांनी फळ्यावर वरच्या बाजूला काही काढलं की ते पुसायला शिपायाला स्टूल लागायचं. आणि गावातून गुडघ्यांवर चालत हिंडणारा माणूस कोण, असं विचारलं असतंत तरी लोकांनी बोट त्यांच्याकडेच दाखवलं असतं.

त्यांच्या पँटी शिवणारा शिंपी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "लोकांची पँट बसून बसून मागं विरते. मास्तरांची गुडघ्यात विरते. मागची बाजू नवी कोरी." शेवटी त्यानेच सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन गोल तुकडे कापून त्यांच्या गुडघ्यांवर शिवून दिले. मास्तर ती पँट घालून शाळेतही जायचे. हेडमास्तरांनी एकदा हटकलं, तर म्हणाले, "कोपरांना कातडं लावलेला कोट मोठे साहेब घालतात, तो चालतो ना?" हेडमास्तरांकडे कोटच नव्हता, त्यामुळे विषय तिथे संपला.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती एका बागेमुळे. तेव्हा आमच्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. मी महाडची, नुकतीच बालवाडीची बाई झालेली. सकाळच्या गाडीने पोलादपूरला यायचं, दुपारच्या गाडीने परत. बालवाडी भरायची एका भाताच्या कोठाराच्या पडवीत. कोठार ज्यांचं, तेच बालवाडीच्या समितीचे अध्यक्ष. बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान होतं, आवाज मोठा होता, आणि दिलेला शब्द मागे घ्यायचा नाही अशी त्यांची ख्याती होती. बालवाडीला बाग हवी असा वरून निरोप आला तेव्हा त्यांनी कोठारामागची आपली मोकळी जागा उभ्या उभ्या देऊन टाकली. "घ्या, करा बाग," म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

मला बागेतलं ओ की ठो कळत नव्हतं. चित्रकलेचे मास्तर रंगीत नकाशा काढून देतील, तो भिंतीवर लावू, बाकीचं पुढच्या पुढे, एवढाच माझा विचार. मी त्यांना शाळेत गाठलं. "रविवारी येतो," म्हणाले. रविवारी आले ते हात हलवत. कागद नाही, पेन्सिल नाही. फाटकाशी थांबले, पँट जरा वर ओढली, आणि चक्क गुडघे टेकून जागेत शिरले.

सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत ते तसेच हिंडत होते. मी चहाचा कप घेऊन उभी, चहा गार. मध्येच ते पालथे पडायचे, कोठाराच्या पायरीखाली डोकं घालायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. शेजारच्या हातपंपावर पाणी भरणाऱ्या बाया कळशा तशाच ठेवून बघायला आल्या. त्यातल्या एका मावशींनी पदर डोक्यावर घेतला, लांबून हात जोडले आणि विचारलं, "कुनाचा नवस हाय वो, मास्तर?"

मास्तरांनी वर बघितलं. "पोरांचा," म्हणाले.

झालं. मूलबाळ नसलेल्या मास्तरांनी पोरांसाठी नवस बोललाय आणि गुडघ्यांवर फेडतायत, ही बातमी दुपारच्या आत बाजारापर्यंत गेली. लगोलग कोणी वाटेत झेंडूची फुलं ठेवली, कोणी हळद-कुंकू वाहिलं, एका बाईने तर त्यांच्या पुढ्यात नारळ ठेवला. मास्तरांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. नारळ तेवढा फोडला आणि जमलेल्या पोरांना खोबरं वाटलं.

मग त्यांनी मला बोलावलं. "बाई, खाली या." मी पातळ सावरून गुडघ्यांवर बसले. तुम्हाला सांगते, मी त्या पडवीत कित्येक महिने शिकवत होते, पण ती जागा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. माझ्या कमरेशी येणारा बाकाचा कोपरा बरोबर डोळ्यासमोर. फाटकाच्या तारेचं गंजलेलं टोक गालाशी. पायरीखाली बाटलीच्या काचा, ज्या मला उभ्याने कधी दिसल्या नव्हत्या. "तुमच्या कमरेला लागतं ते त्यांच्या डोळ्याला लागतं," मास्तर म्हणाले. "नकाशा नंतर. आधी खाली राहायला शिका." नकाशा त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही.

हा माणूस घरीही असाच. बाजारात माडीवर त्यांची खोली होती. आरसा लावलेला जमिनीपासून हातभर वर. दाढी बसून करायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "बसलेला माणूस घाई करत नाही, आणि घाई केली नाही की कापत नाही." हायस्कुलात मुलांनी काढलेली चित्रं ते भिंतीवर इतकी खाली लावायचे की तपासणीला आलेल्या साहेबांना ओणवं व्हावं लागायचं. साहेब ओणवे झाले की मास्तर खूश. पुढे निवृत्त होऊन ते दासगावला सावित्रीच्या काठी राहायला गेले आणि तिथेच वारले. मी भेटायला गेले होते तेव्हाही माझ्यासाठी खुर्ची होती आणि ते स्वतः उंबऱ्यावर बसले होते, गुडघे कानाशी घेऊन.

तर बाग. जागेला चारी बाजूंनी मोगली एरंडाचं कुंपण होतं. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून आमच्याकडे सर्रास लावतात. पोरं त्याचा देठ मोडून चिकाचे फुगे काढतात, आम्हीही लहानपणी काढले होते. पण त्याच्या बिया लागतात गोड, आणि खाल्ल्या की उलट्या. दरवर्षी गावातलं एखादं पोर त्या पायी आडवं व्हायचं आणि दरवर्षी मोठी माणसं पोरालाच मारायची. मास्तरांनी हायस्कुलातल्या मोठ्या मुलांना हाताशी धरलं आणि एका रविवारात सगळं कुंपण उपटून काढलं. तेरडा, झेंडू, पेरूची रोपं लावली. मीही हौसेने आळी केली.

सोमवारी सकाळी येऊन बघते तर बागेत शेळ्या. झेंडूचं एक पान शिल्लक नाही. शेळ्या त्याच हातपंपावरच्या मावशींच्या. मी तणतणत त्यांच्या दारात गेले. मावशी भाकरी थापत होत्या, थापता थापता म्हणाल्या, "बाई, कुपन तुमी काडलंव. शेळीला काय सांगू, बालवाडीची बाग हाय, आत जाऊ नुको?"

मास्तरांना वाईट वाटलं असेल असं मला वाटलं. ते शेळ्यांकडे कौतुकाने बघत होते. "काय खाल्लं आणि काय ठेवलं ते नीट बघून ठेवा," म्हणाले. मग चारी बाजूंनी दगडांचा गडगा घातला. त्यातही यांचं काही वेगळंच. नुसत्या दगडांच्या फटीत विंचू बसतो म्हणून सगळ्या फटी चिखलाने लिंपून घेतल्या. शेळीला उडी मारता येऊ नये म्हणून बाहेरून चर खणला, आणि आतली उंची एवढीच ठेवली की तीन वर्षांच्या पोराची हनुवटी वर टेकेल. पुढून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या दिसायच्या. गडग्यावर हनुवट्यांची रांग लागली की ड्रायव्हर हॉर्न वाजवत जायचे.

लोक प्रेमाने गुलाबाची रोपं आणून द्यायचे. मास्तर ती हायस्कुलाच्या ऑफिसपुढे लावून टाकायचे. "गुलाब मोठ्यांसाठी. लांबून बघायचा, हात लावायचा नाही." कण्हेर तर त्यांनी फाटकातूनच परत पाठवली. आमच्या बागेत जे होतं ते हात लावायचं, चुरडायचं, हुंगायचं. पुदिना, सब्जा, देठातून मध चोखता येईल अशी जास्वंद, बोट लावताच फुटणारा तेरडा. लाजाळूवर मात्र त्यांचं बरेच दिवस अडलं होतं, कारण तिला काटे. रोज जाऊन पान मिटवून बघायचे आणि परत विचारात पडायचे. शेवटी म्हणाले, "काटा लहान आहे, गंमत मोठी आहे. राहू दे." घेवड्याचा मांडव त्यांनी एवढा बुटका घातला की आत फक्त पोरं शिरायची. मला एखाद्याला बाहेर काढायचं झालं तर रांगत जावं लागायचं.

दर नवीन पान ते आधी स्वतः चावून बघायचे. पोरं तोंडात घालणारच, हा त्यांचा हिशेब. विषारी झाडं त्यांना माहीत होती, त्यांच्या वाटेला जायचे नाहीत. पण एकदा गडग्याशी आपोआप उगवलेलं कसलंसं पान चावलं, ते निघालं रानसुरणाचं. घसा असा खवखवला की दुसऱ्या दिवशी आवाजच बंद. हायस्कुलातल्या पोरांनी त्या दिवशी चित्रकलेचा तास फार आवडल्याचं घरी सांगितलं. मावशींनी चिंचेचं पाणी पाजलं तेव्हा कुठे ते बोलते झाले, आणि पहिलं वाक्य म्हणजे, "ते उपटा."

खरी ठिणगी पडली ती हौदावरून. जागेच्या मधोमध एक हौद होता, अध्यक्षांच्या वडिलांनी गुरांसाठी बांधलेला. वर संगमरवरी पाटीवर त्यांचं नाव. गुरं आता तिकडे फिरकत नव्हती, पण पावसाचं पाणी त्यात साचून राहायचं. मास्तर गुडघ्यांवर हौदाशी गेले. काठ बरोबर पोराच्या छातीशी येत होता. आत डोकावलं की आपलं तोंड पाण्यात दिसायचं, आणि ते नीट बघायला कुठलंही पोर अजून थोडं वाकणार. मास्तर तिथेच बराच वेळ थांबले. मग कोणाला न विचारता नदीची वाळू आणली आणि हौद भरून टाकला.

अध्यक्षांना हे कळलं तसे ते दुकान उघडं टाकून आले. "माझ्या बापाच्या हौदात वाळू घातली, मास्तर? पाटीवर काय लिवलंय बघा, पान्याचा हौद!"

"वडिलांनी बांधला तो गुरांनी बुडू नये एवढा उथळ बांधला," मास्तर म्हणाले. "मी तो पोरांसाठी आणखी उथळ केला. काम त्यांचंच पुढे नेलं."

अध्यक्षांचा आवाज आणखी चढला. त्याच आठवड्यात त्यांनी समिती बोलावली. तिथे मला कळलं की राग नुसता हौदाचा नाही. अध्यक्षांचा नातू पिंट्या आमच्याच बालवाडीत होता. मुलगा आणि सून मुंबईला, दोघंही कामावर जाणारी, म्हणून पोर इथे आजा-आजीच्या हवाली. अध्यक्ष त्याला खांद्यावरून आणायचे, खांद्यावरून न्यायचे. पायात बूट-मोजे. मातीवर त्याचं पाऊल पडलेलं गावाने पाहिलं नव्हतं.

"माझा पोरगा मुंबईत," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच खाली आला होता. "त्यानं इस्वासानं पोर माझ्यापाशी ठेवलंय. त्याला काय झालं तर मी मुंबईला काय तोंड दाखवू? तवा सगळ्यांसमोर सांगतो. बाग करा. पन एका जरी पोराला खरचटलं, एक थेंब रगत दिसलं, की जागा परत. टायरवाला ती जागा कदीचा मागतोय."

"खरचटणारच," मास्तर म्हणाले.

समितीच्या माणसांनी घाईघाईने "मान्य, मान्य" म्हणून सभा उरकली, नाहीतर जागा तिथल्या तिथे गेली असती. बाहेर आल्यावर मी मास्तरांवर चिडले. इतके दिवस घाम गाळला आणि शेवटी जिभेला हाड नाही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "विष, पाणी आणि डोळा," म्हणाले. "या तिन्हींची जबाबदारी माझी. त्यात एकाही पोराला धक्का लागला तर मी स्वतः बाग नांगरून देईन. गुडघा मात्र त्यांचा त्यांनी बघायचा. तो माझ्या हातात नाही आणि असूही नये."

हे ऐकायला छान होतं. पण एक ओरखडा आणि बाग गेली, हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलं. पोरं धावली की माझ्या तोंडून "नको", गडग्यावर चढली की "नको", मांडवात शिरली की "नको रे, डोळ्यात काडी जाईल". हायस्कूल दुपारचं, म्हणून मास्तर सकाळी येऊन पेरूच्या रोपांशी बसायचे आणि ऐकायचे. मी "नको" म्हटलं की उठायचे.

"काय झालं, बाई?"

"चिखलात चाललाय तो."

ते चिखलाकडे बघायचे, पोराकडे बघायचे. दुसऱ्या दिवशी तिथे चिखल खेळायलाच एक वाफा झालेला असायचा, शेजारी पाय धुवायला फरशी. काडी डोळ्यात जाईल म्हटलं तर मांडवाच्या सगळ्या काड्यांची टोकं बाहेरच्या बाजूला वळलेली. "तुम्ही नको म्हणालात की चूक बागेची, पोराची नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. एक दिवस त्यांनी मला सांगून टाकलं की या गडग्याच्या आत तो शब्द बंद. म्हणायचाच झाला तर रस्त्यावर जाऊन म्हणून यायचं.

मी हसले, पण घरी जाताना गाडीत मला रडू आलं. आम्ही महाडच्या बौद्ध वस्तीतले. माझ्या वडिलांचं अर्धं लहानपण या एका शब्दात गेलं होतं. तळ्याकडे जाऊ नको, ओट्याला शिवू नको, पुढे बसू नको. त्यांनी तो शब्द गिळून मला शिकवलं, बाई केलं, आणि मी रोज साडी नेसून पोलादपूरला जाऊन दुसऱ्यांच्या पोरांना तोच शब्द दिवसभर ऐकवत होते. कारण वेगळं होतं, मान्य. पण पोराच्या कानाला कारण ऐकू येत नाही. मास्तरांना मी हे कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी जीभ चावायला लागले आणि हळूहळू सवय झाली.

राहिला पिंट्या. त्याला जिथे उभा करावा तिथे तो उभा राहायचा. अध्यक्ष अभिमानाने म्हणायचे, "आमचा पिंट्या एकदा पन पडला नाय." मास्तर हे ऐकून गंभीर झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, ज्याला पडता येत नाही तो पहिल्यांदा पडेल तेव्हा वाईट पडेल. याला शिकवायला हवं." आणि आमच्या बालवाडीत पडायचा तास सुरू झाला.

तास त्या हौदातल्या वाळूत भरायचा. आधी मास्तर करून दाखवायचे. एवढा उंच माणूस, काठावर उभा राहायचा, हात पुढे, हनुवटी छातीशी, आणि तोडलेल्या बांबूसारखा आडवा व्हायचा. पडता पडता खांद्यावरून लोळण घ्यायचा आणि वाळूतून "हां!" करत उठायचा. पोरं हसून हसून बेजार. मग एकेक पोर पडायचं. डोकं आत, हात पुढे, लोळण, "हां!" पावसाची सर आली तरी पडणं चालूच. सकाळची प्रार्थना म्हणायला जी पोरं तोंड उघडत नव्हती ती पडायला सगळ्यात पुढे. मी इतकी वर्षं शिकवलं, पण असा रंगलेला तास पुन्हा पाहिला नाही.

गावात अर्थात बोभाटा. डोंगरावरच्या वाडीतून पोरीला घेऊन येणारी एक आई मला म्हणाली, "बाई, पोरगी घरात पन पडते वो. पडते आन उठून हां म्हनते. सासू घाबरली, म्हनते देवीचं वारं आलं. ह्ये शिक्षान कवा थांबायचं?"

पिंट्या पहिले कितीतरी दिवस नुसता काठावर उभा राहून बघायचा. मास्तर त्याला एका शब्दाने बोलावत नव्हते. एका सकाळी सगळे पडून झाले, पोरं मांडवाकडे पळाली, मास्तर पाठमोरे होऊन पँट झटकत होते, आणि मागून लहानसा आवाज आला, "हां." वळून बघतात तर पिंट्या बूट-मोज्यांसकट वाळूत आडवा. डोळे मोठे, जणू हे त्याला कोणी आधी सांगायला हवं होतं. मग उठला आणि परत पडला.

दिवाळीनंतरच्या थंडीत बाग उघडायचं ठरलं. वरून साहेब यायचे होते. मास्तरांनी रिबीन बांधली ती पोरांच्या गळ्याच्या उंचीवर, म्हणजे साहेबांच्या मांडीशी. साहेबांची पँट घट्ट. ते कात्री घेऊन एकदा वाकले, परत सरळ झाले, मग इकडे-तिकडे बघून सावकाश उकिडवे बसले आणि रिबीन कापली. समोरच्या पोरांनी त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून टाळ्या वाजवल्या. साहेब तसेच खाली बसून थोडा वेळ त्यांच्याशी बोलत राहिले.

बागेच्या टोकाला मास्तरांनी मातीचा एक ढिगारा केला होता. घाटात रस्त्याचं काम चालू होतं, तिथली टाकाऊ माती ट्रकवाल्यांना गोड बोलून आणवली आणि वर हरळी लावली. अध्यक्षांनी त्यावरूनही चिडवलं होतं, "चारी बाजूंनी सह्याद्री उभा हाय, तो कमी पडला काय?" मास्तर म्हणाले होते, "तो मोठ्यांचा."

भाषणं सुरू झाली आणि पोरं ढिगाऱ्याकडे पळाली. अध्यक्ष व्यासपीठावर साहेबांशेजारी, हातात हार. मी बघत होते, म्हणून मला आधी दिसलं. सगळ्यांच्या मागून पिंट्या वर चढत होता. हातांनी गवत धरून, एक पाय, मग दुसरा. अगदी माथ्यावर पोचला. उभा राहिला. तिथून त्याला व्यासपीठ दिसलं असावं, कारण त्याने आजाला हात केला, आणि हात करताना तोल गेला.

हनुवटी छातीशी, हात पुढे, खांद्यावरून लोळण. जसं शिकवलं होतं तसंच्या तसं. पण खाली एक दगड मातीतून वर आलेला होता, त्यावर गुडघा घासला. मोज्याच्या वरून लाल ओघळ उतरला. भाषण करणारे गृहस्थ मध्येच थांबले. अध्यक्ष हार तसाच हातात घेऊन उभे राहिले होते.

पिंट्या उठून बसला. गुडघ्याकडे बघितलं. बोटाने ते लाल टिपलं, बोट डोळ्यांजवळ नेलं. मी त्याच्या रडण्याची वाट बघत होते. तो धडपडत उठला आणि शेजारच्या पोरीला म्हणाला, "बघ, माझं पन आलं." तिने लगेच आपलं कोपर दाखवलं, तिथे जुनी खपली होती. दुसऱ्याने नडगी दाखवली. पाच-सहा पोरं डोक्याला डोकं लावून गुडघे, कोपरं बघत बसली, आणि मध्ये पिंट्या. मग सगळी परत वर चढायला लागली. तोही चढला.

अध्यक्ष व्यासपीठावरून उतरले नाहीत. मग हार टेबलावर ठेवला आणि माईक हातात घेतला.

"सगळ्यांना ठावं हाय," ते म्हणाले, "समितीत मी बोल्लो होतो. एका जरी पोराला खरचटलं, तर जागा परत. आता खरचटलं. माझ्याच नातवाला खरचटलं, साहेबांच्या देखत. मी शब्द फिरवनारा मानूस नाय. तेवा जागा परत घेतली."

मावशी गडग्यापलीकडे उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर पदर घेतला. मी मास्तरांकडे बघितलं. ते अध्यक्षांकडे बघतच नव्हते, ते पोरांकडे बघत होते. मला त्या क्षणी अध्यक्षांचा इतका संताप आला की मी खुर्चीवरून उठलेच होते.

अध्यक्ष तांब्या उचलून पाणी प्याले. मिशा पुसल्या.

"झाली परत," ते म्हणाले. "आता ती माझी. आन माझ्या जागेचं काय करायचं ते मी ठरवनार. तर ती मी पुन्यांदा पोरांना देतो. या टायमाला अट नाय."

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळं गाव हसायला लागलं, साहेबांसकट. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी माईक हातातच ठेवून गर्दीत मास्तरांना शोधलं, आणि शोधायला काही वेळ लागला नाही, कारण ते सगळ्यांत उंच होते.

"मास्तर, तुमचं काय म्हननं हाय? की अजून काय पायजे?"

मास्तरांनी ढिगाऱ्याकडे बघितलं. पोरं माथ्यावर दाटीवाटीने उभी होती, पिंट्या मधोमध, आणि उभं राहायला आणखी एकाला जागा नव्हती.

"आणखी माती लागेल," ते म्हणाले. "हा लहान पडतोय."